आधी कुणासमोर थांबू?

मी एक फिरती काच बोलतेय. बंगळुरात कोरमंगलातल्या एका चिनी हॉटेलात खिडकीजवळ गोल टेबल आहे, त्याच्या मधोमध मी असते. माझ्या पाठीवर वाडगे, ताटल्या, चटणीच्या वाट्या ठेवतात आणि ज्याला जे हवं ते समोर येईपर्यंत मला ढकलत राहतात. इंग्रजीत मला 'आळशी सुझन' म्हणतात, असं कानावर आलंय. दिवसभर गरगरायचं मी आणि वर आळशीही मीच. ही सुझन कोण, तिनं कसला आळस केला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात थोडा गोंधळ असणार. मला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. कुणाचं बोलणं नीट ऐकायला लागावं तर कुणीतरी मला ढकलतं आणि डोकं पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. माणसांच्या गोष्टी मला अशा तुकड्यातुकड्यानं कळतात. त्या जुळवायच्या माझ्या मीच.

माझा जन्म याच शहरातल्या पीण्या भागातल्या एका कारखान्यातला. मोठ्या काचेतून मला गोल कापलं, कडा घासघासून गुळगुळीत केल्या. माझ्याच काचेतला उरलेला भाग महादेवपुऱ्यातल्या एका आयटी कंपनीत मीटिंगच्या खोलीचं दार झाला म्हणे. तिथे घाईतली माणसं फोनमध्ये बघत येतात आणि त्याच्यावर कपाळ आपटतात. त्या मानानं माझं बरं चाललंय. माझ्या पोटाखाली लोखंडी कडं बसवलं, त्यात छरे घातले आणि एकानं सहज बोटानं ढकलून बघितलं. मला वाटलं कारखानाच फिरतोय. तिथून जी चक्कर लागली ती अजून उतरलेली नाही.

आमची मालकीण चंदना. कन्नड घरातली, इथेच वाढलेली. नोकरीसाठी काही वर्षं चीनच्या सिचुआन भागात राहिली आणि तिथल्या जेवणानं तिला वेड लावलं. परत आल्यावर तिनं हे हॉटेल काढलं. लोक येतात आणि हौसेनं शेजवान राइस मागतात. ती बिचारी समजावते, तुमचा तो शेजवान निराळा आणि हे सिचुआनचं जेवण निराळं. लोक मान डोलावतात, मेनूकार्ड उलटंपालटं करतात आणि पुन्हा शेजवान राइसच मागतात. मग चंदना माझ्यासारखीच गोंधळून आत जाते.

माणसं कशी जेवतात ते माझ्याइतकं जवळून कुणी बघितलं नसेल. कुणी आपल्याला हवं ते समोर आलं की मला हातानं दाबून धरतात, बाकीच्यांनी मग उपाशी बसायचं. कुणी माझं चाक करून खेळतात. पीजीतल्या मुली आधी सगळ्या वाडग्यांचे फोटो काढतात, तोवर सूप गार होतं. पण मराठी माणसांचं टेबल मला डोळे मिटून ओळखता येतं. तिथे मला कुणी स्वतःकडे ओढतच नाही. "आधी तुम्ही घ्या", "नाही हो, तुम्ही घ्या" असं म्हणत मला सगळे दुसऱ्याकडे ढकलतात. मी गोल गोल फिरते, वाडगे भरलेलेच राहतात आणि जेवण काही सुरू होत नाही.

तसंच एक टेबल मागे एका रविवारी दुपारी भरलं. त्या दिवशीची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तिचा अर्थ लावताना मी अजूनही घोटाळ्यात पडते.

बंगळुरातल्याच बनशंकरी भागातून चौघं आले होते. भगवंतराव, त्यांची बायको गोजराबाई, मुलगा गिरीराज आणि सून रम्या. यांचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की शेजारच्या टेबलावरची पुण्याची पोरं मागे वळून बघत होती. रम्या महादेवपुऱ्यात नोकरीला. ऑफिसच्या लोकांबरोबर ती इथे जेवून गेली होती आणि तिनंच या जागेचं नाव काढलं होतं.

म्हातारा-म्हातारी हात धुवायला गेले तेवढ्यात गिरीराज बायकोकडे झुकून म्हणाला, "आज सांगून टाकतो. पुढच्या महिन्यापासून हॉटेलात पॅकेटचा मसाला. आईचा बंद."

"इथे सांगणार?" रम्यानं विचारलं.

"इथेच. घरी सांगितलं तर आई आवाज चढवेल. चार लोकांत ती गप्प ऐकून घेते."

"मग जेवण झाल्यावर तरी सांग. आधी जेवू दे त्यांना."

मी कान टवकारले. कुठलं हॉटेल, कसला मसाला, मला काहीच कळेना. पुढच्या बोलण्यातून हळूहळू जे उमगलं ते असं.

भगवंतरावांचं बनशंकरीत मिलिटरी हॉटेल आहे. आपल्या बंगळुरात मटण-भात मिळणाऱ्या जुन्या खाणावळींना मिलिटरी हॉटेल म्हणतात आणि त्यांतली बरीचशी मराठ्यांनीच काढलेली. यांच्या हॉटेलची एक रीत होती. सकाळी मटणाच्या साराचं मोठं पातेलं उतरलं की पहिली वाटी देवीच्या तसबिरीपुढे. मग भगवंतराव हाताच्या तळव्यावर सार घेऊन जिभेला लावायचे. ते "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे म्हणाले, की मगच शटर वर जायचं. नाहीतर "धने स्वल्प जास्त झालेत", "मीठ अडखळतंय" असं काहीतरी काढायचे आणि गोजराबाई मुकाट्यानं ते नीट करायच्या. मसाला सगळा त्यांच्या हातचा. पण चाखायचा हक्क त्यांना नव्हता. देवीच्या आणि घरातल्या कर्त्याच्या आधी करणारीनं तोंडाला लावायचं नाही, हे त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेलं. त्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर करत आल्या होत्या. जिभेचं काम नवऱ्याचं.

अलीकडे मात्र काहीतरी बिनसलं होतं. भगवंतराव रोज चव घेऊन "सरी" म्हणत होते आणि गिऱ्हाइकं अर्धं ताट टाकून उठत होती. जुनी माणसं यायची बंद झाली होती. कुणी म्हणे खारट झालं, कुणी म्हणे मसाला कडवट लागतो. वडील म्हणतात ठीक, गिऱ्हाईक म्हणतं बिघडलं. गिरीराजनं त्यातून सरळ हिशेब लावला की आईचं वय झालं आणि तिचा हात गेला.

एवढं मोठं ओझं मनात घेऊन तो जेवायला बसला होता आणि हसत हसत विचारत होता, "अप्पा, सूप घेणार?"

जेवण सुरू झालं, म्हणजे माझं फिरणं सुरू झालं. प्रत्येक पदार्थ आधी भगवंतरावांसमोर आणून थांबवायचा, हा त्या घरचा शिरस्ता. गोजराबाई मला त्यांच्याकडे ढकलायच्या. ते थोडं वाढून घ्यायचे आणि मला रम्याकडे ढकलायचे. रम्या म्हणायची "अत्या, तुम्ही घ्या", आणि मला सासूकडे पाठवायची. सासूबाई म्हणायच्या "गिरीराजला वाढ गं." पातळ रश्श्यातल्या टोफूचा वाडगा माझ्या पाठीवर असा काही डुचमळत होता की विचारू नका.

"कसं लागतंय हो?" गोजराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"छान," भगवंतराव म्हणाले.

"आणि हे नूडल्स?"

"छान आहेत."

"सूप?"

"छान."

मला वाटलं, किती गोड माणूस आहे. माझ्या टेबलावर बसणारे नवरे कधी एवढं कौतुक करत नाहीत. पण गोजराबाईंचा चेहरा प्रत्येक 'छान'ला थोडा थोडा उतरत चालला होता. हे कोडं काही मला सुटेना.

तेवढ्यात चंदना स्वतः एक मोठी ताटली घेऊन आली आणि माझ्यावर ठेवली. आमच्या हॉटेलचा नावाजलेला पदार्थ. तळलेल्या कोंबडीचे बारीक बारीक तुकडे आणि त्यांच्यावर सुक्या लाल मिरच्यांचा हा ढीग. मिरच्या फक्त वासापुरत्या असतात. त्या बाजूला सारायच्या आणि आतली कोंबडी शोधून खायची. चंदनानं ते सांगितलंही, पण नेमकं तेव्हाच "आधी तुम्ही, आधी तुम्ही" चाललं होतं, त्यामुळे तिचं बोलणं कुणापर्यंत पोचलंच नाही.

भगवंतरावांनी मिरच्यांसकट वाढून घेतलं आणि मिरच्यांसकट खायला सुरुवात केली.

रम्याच्या लक्षात आलं. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, त्या मिरच्या खायच्या नसतात. नुसती कोंबडी खायची."

"वाढलेलं टाकायचं कसं?" ते म्हणाले. "करणाऱ्याला काय वाटेल? आमच्याकडे कुणी पानात टाकलं तर मी जाऊन विचारतो, बाबा काय चुकलं म्हणून."

"अप्पा, सुम्ने, उगाच कशाला, राहू द्या ना," गिरीराज म्हणाला. "इथे चालतं."

पण भगवंतराव हट्टाचे. एकेक मिरची देठ काढून तोंडात टाकत होते आणि शेंगदाणे खावेत तितक्या शांतपणे चावत होते. गिरीराजनं नुसते दोन घास घेतले होते तर त्याचं नाक गळायला लागलं होतं. रम्या पाणी पीत होती. शेजारच्या टेबलावरची पुण्याची पोरं तर जेवण थांबवून बघायला लागली. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, सॉलिड आहात तुम्ही." भगवंतराव त्याच्याकडे बघून हसले आणि आणखी एक मिरची उचलली.

मलाही मोठा अभिमान वाटला. असा मर्द माणूस माझ्या टेबलावर बसलाय, असं मला झालं. चंदना धावत आली, "अंकल, साकु, पुरे आता, दही आणू का?" म्हणायला लागली. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर गोजराबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला होता.

त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. जन्मभर मिरची कुटण्यात गेलेली बाई. कुठली मिरची कुणाला किती झोंबते, हे तिला काय कुणी शिकवायचं होतं?

मग त्यांनी जे केलं त्यानं माझी मती गुंग झाली. भगवंतराव त्या पुण्याच्या मुलाशी बोलायला वळले होते. गोजराबाईंनी मिठाची बाटली उचलली, झाकण काढलं, त्यांचा सुपाचा वाडगा जवळ ओढला आणि त्यात मीठ ओतलं. चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर. चमच्यानं ढवळलं. वाडगा माझ्या पाठीवर ठेवला आणि मला अगदी सावकाश फिरवून तो त्यांच्यासमोर आणला. गिरीराजनं "आई, अगं" म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. हीच ती बाई, जिचा हात गेला म्हणे. बिघडवायचं असेल तर घरी बिघडवावं, दुसऱ्याच्या हॉटेलात येऊन सूप का नासवावं? मला काही समजेना.

"थोडं सूप घ्या," त्या म्हणाल्या. "तिखटावर बरं वाटेल."

भगवंतरावांनी वाडगा उचलला आणि दोन-तीन घोट प्यायले.

"कसं झालंय?"

"छान झालंय," ते म्हणाले. "सरी आहे."

 रम्यानं हळूच चमचा घालून ते सूप जिभेला लावलं आणि रुमाल तोंडाशी धरला. गिरीराज वाडग्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीनं बघत राहिला. भगवंतरावांना आता कळलं. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि तो माझ्या काठावर कलंडता कलंडता वाचला.

"कधीपासून?" गोजराबाईंनी विचारलं.

 ते नखानं माझी कड खरवडत बसले. मग म्हणाले, "तापातून उठलो तेव्हापासून."

"ती साथ होती तेव्हापासून? एवढे दिवस?"

"आधी वाटलं येईल हळूहळू. मग आलीच नाही. मीठ नाही, आंबट नाही, काही नाही. तोंडात काहीतरी गरम असतं एवढंच कळतं."

"आणि रोज सकाळी सरी म्हणत होता तुम्ही?" गिरीराजचा आवाज वाढला होता. शेजारची पोरं आपल्या ताटात बघायला लागली. "गिऱ्हाइकं पळाली अप्पा. मला वाटलं आई चुकतेय. एक शब्द बोलला असता तर?"

"काय बोलू?" भगवंतराव म्हणाले. "हिशेब तू बघतोस. बाजार तू करतोस. चुलीवर माणसं आहेत, मसाला हिचा आहे. मी काय करतो हॉटेलात? मी चव घेतो. तेवढ्यासाठी शटर माझ्या शब्दावर उघडतं. ते पण गेलं म्हणून सांगितलं तर मग मी उठून कुठे जायचं रोज सकाळी?"

  मघाशी मी ज्याला मर्द म्हणत होते तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता आणि मला त्याची फार दया आली.

गोजराबाई रडत होत्या. आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, फसवलं म्हणून रडतायत. पण त्या म्हणाल्या ते भलतंच.

"आमचं लग्न झाल्यापासून यांनी एकदाही छान म्हटलं नव्हतं. मीठ कमी, आलं जास्त, कांदा कच्चा, रोज काहीतरी असायचंच. मला राग यायचा. पण घरात माझं रांधलेलं कुणीतरी लक्ष देऊन खातंय, एवढं कळायचं. तापातून उठले आणि रोज छान म्हणायला लागले. मला वाटलं, यांना आता माझं काहीच लागेनासं झालं. मी काय घातलं नि काय नाही, यांना त्याचं काही नाही. रोज छान ऐकायचं आणि रोज वाटायचं, एकदा तरी चूक काढा."

आता बघा. पदार्थात चूक काढली की माणसं रागावतात, हे मी रोज बघते. परवा एकानं भात मऊ झाला म्हटलं तर चंदना दिवसभर धुसफुसत होती. आणि ही बाई कौतुक ऐकून ऐकून झुरली होती. माणसांना नक्की काय हवं असतं, याचा मी अजून विचार करते आणि माझं डोकं पुन्हा गरगरतं.

तेवढ्यात भगवंतराव एकदम ताठ बसले. "थांबा," ते म्हणाले.

त्यांनी ओठांना हात लावला. गिरीराज खुर्चीवरून उठलाच. "अप्पा, काय होतंय? छातीत दुखतंय? रम्या, गाडीची किल्ली घे."

"बस रे तू. जिभेवर काहीतरी चाललंय."

"काय चाललंय?"

"मुंग्या. मुंग्या फिरतायत जिभेवर. ओठ पण थरथरतायत." त्यांचा चेहरा खुलला होता. "गोजरा, मला कळतंय. काहीतरी कळतंय मला."

मग जी तारांबळ उडाली ती काय सांगू. गोजराबाईंनी मला गर्रकन फिरवलं, भात समोर आणला. हे कळतंय का? नाही. पुन्हा फिरवलं, टोफू आणला. हे? नाही. नूडल्स? नाही. चटणी? नाही. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझे छरे किरकिरायला लागले. प्रत्येक घासाला सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा आणि प्रत्येक वेळी भगवंतराव मान हलवायचे. मुंग्या तेवढ्या चालूच होत्या.

शेवटी चंदनानं येऊन सांगितलं. "अंकल, ती चव नाही." कोंबडीच्या ताटलीतले तांबूस दाणे तिनं चमच्यावर घेऊन दाखवले. "हे दाणे चावले की जीभ अशी होते. थरथरते, बधिर होते. सगळ्यांनाच होतं. तिथे लोक मुद्दाम त्यासाठी खातात."

गोजराबाईंनी एक दाणा उचलून नाकाशी धरला. "तिरफळासारखं आहे हे," त्या म्हणाल्या. "कारवारकडचे लोक माशात घालतात ते."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. मग ते स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "असू दे. जीभ अजून जागेवर आहे, एवढं तरी कळलं."

गिरीराज पुन्हा खाली बसला. बराच वेळ त्यानं टिश्यूची घडी घातली आणि उलगडली. "आई," तो म्हणाला, "मी आज तुला सांगणार होतो की तुझा मसाला बंद करायचा. पॅकेटचा बघून ठेवलाय."

"ठाऊक आहे," गोजराबाई म्हणाल्या. "गाडीत मागच्या सीटखाली ठेवलंयस पॅकेट. वास आला मला येताना. धने जुने आहेत त्यातले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मलाच वाटत होतं, हात गेला माझा."

गिरीराजनं आईच्या हातावर हात ठेवला. माफी वगैरे मागितली नाही, पण हात काढला नाही. मी बराच वेळ हलले नाही, कुणी हलवलंच नाही.

मग प्रश्न उरला तो खरा. पॅकेट नको, ठीक. पण उद्या सकाळी पातेलं उतरल्यावर चव घ्यायची कुणी? सांगणारं कुणी नव्हतं म्हणून तर मसाला भरकटला होता. गिरीराज म्हणाला, मी घेईन. त्यावर आई म्हणाली, "तू अजून उपम्यावर केचप घालून खातोस." रम्यालासुद्धा हसू आवरेना. मग तीच म्हणाली, "अत्या घेतील की."

"मी?" गोजराबाई दचकल्या. "अय्यो, मी कशी घेऊ? देवीच्या नंतर एक वेळ ठीक. पण यांच्या आधी?"

 ज्या घरात वाढण्याचा क्रम कधी मोडला नव्हता, त्या घरातले चौघंही माझ्याकडेच बघत होते, जणू मी काहीतरी ठरवणार होते. कोंबडीची ताटली भगवंतरावांसमोर होती. घरच्यांनीच थांबवलेली, त्यांच्या मानाच्या जागी.

भगवंतरावांनी माझ्या कडेवर हात ठेवला आणि मला ढकललं. माझा गोंधळ उडाला. रम्याकडे जायचं असेल म्हणून मी निघाले, तर त्यांनी मला उलटं वळवलं. ताटली गोजराबाईंसमोर गेली तेव्हा भगवंतरावांनी बोटांनी मला घट्ट दाबून धरलं, मी पुढे सरकू नये म्हणून.

"आधी तू घे," ते म्हणाले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. घे तू. आणि मला सांग, कसं झालंय."

गोजराबाईंनी पदर सारखा केला. मिरच्या बाजूला करून एक तुकडा उचलला. तोंडात घालायच्या आधी एकदा नवऱ्याकडे बघून घेतलं. त्यांनी सावकाश चावलं, डोळे मिटले. भगवंतराव वाट बघत होते. त्यांच्या हॉटेलात सकाळी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहत असतील, तसेच.

"आधी भाजल्या मिरचीचा वास येतो," त्या म्हणाल्या. "तिखट लगेच नाही लागत. आधी मीठ. मीठ बरोबर आहे, स्वल्प पुढे आहे पण चालेल. मग आलं. मग मागून तिखट येतं, घशापर्यंत. आणि सगळ्यात शेवटी थोडं गोड आहे. का कुणास ठाऊक, साखर घातली असेल."

भगवंतरावांनी तिथलाच एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "पुन्हा सांग," ते म्हणाले.

"आधी भाजल्या मिरचीचा वास."

"हं."

"मग मीठ. मग आलं."

"हं. आलं." ते चावत होते, डोळे मिटून, तिच्या शब्दाबरोबर एकेक घास. "मग मागून तिखट?"

"हो. आता येईल बघा."

त्यांना ते आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान डोलावली एवढं मी बघितलं. गोजराबाईंनी दुसरा तुकडा उचलला आणि त्यांच्या ताटात वाढला.

ती मंडळी परवा पुन्हा आली होती. गिरीराज चंदनाला सांगत होता, हल्ली रोज सकाळी हॉटेलात वाद असतो. आई म्हणते मीठ कमी, स्वयंपाकी म्हणतो बरोबर आहे, अप्पा मध्ये उभे राहून तिला विचारत राहतात, कसं कमी, किती कमी, नीट सांग. शटर उघडायला उशीर होतो. गिऱ्हाइकं परत येतायत का, असं चंदनानं विचारलं, तर तो म्हणाला, काही येतात, काही अजून नाही. पण तक्रार करताना त्याचा चेहरा मात्र आनंदी होता. मला कळेना, पण मी आता नाद सोडलाय.

माझं म्हणाल तर माझे छरे झिजलेत. फिरताना कुरकुर आवाज येतो, कडेला एक टवका उडालाय, त्यावर चंदनानं पारदर्शक चिकटपट्टी लावलीय. नवीन टेबल मागवायचं चाललंय. नव्या टेबलाबरोबर नवी काच येईल आणि मी कुठेतरी भिंतीला टेकून उभी राहीन. चला, चक्कर तरी थांबेल.

जायच्या आधी एक सांगून जाते. मला जीभ नाही. इतकी वर्षं इतके वाडगे माझ्या पाठीवरून गेले, पण त्यांतल्या एकाचीही चव मला माहीत नाही. ते मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, काचेला कसली आलीय चव. पण त्या दुपारी गोजराबाई बोलत होत्या आणि मी ऐकत होते, तेव्हा भाजल्या मिरचीनंतर मीठ, मिठानंतर आलं, असं काहीतरी मलाही उमगल्यासारखं झालं. तेव्हा नवी काच येण्याआधी तुम्ही कधी या टेबलावर बसलात, तर जेवता जेवता थोडं मोठ्यानं बोला. आंबट असेल तर आंबट म्हणा, खारट असेल तर खारट म्हणा. नुसतं छान म्हणू नका. त्यातून मला काही कळत नाही.